नेमबाजी, दिव्यांगांची

शारीरिक विकलता असलेल्या खेळाडूंसाठी वर्गवारी, आधारसाधने व विशिष्ट नियम ठरवून देऊन खेळविण्यात येणारा लक्ष्यभेदाचा स्पर्धात्मक क्रीडाप्रकार. रायफल आणि पिस्तूल ही यातील मुख्य शस्त्रे असून अलीकडे उडत्या लक्ष्यांवरील बंदूकबाजीचाही त्यात समावेश झाला आहे. लक्ष्याचा आकार, त्याचे अंतर आणि गुणदानाची पद्धत या बाबतींत हा खेळ सर्वसामान्य नेमबाजीहून [→ नेमबाजी] वेगळा नाही. फरक आहे तो खेळाडूच्या शरीराला कोठे व किती आधार द्यावयाचा, या एकाच प्रश्नाच्या उत्तरात. आधार कमी पडला, तर स्पर्धा नेमबाजीची न राहता स्नायूंच्या बळाची होते; अधिक झाला, तर शस्त्र स्थिर धरण्याचे जे कौशल्य पारखावयाचे तेच उरत नाही. या खेळाची सर्व नियमावली या दोन टोकांमध्ये रेषा आखण्याच्या प्रयत्नातून तयार झाली आहे.

या खेळाचा मराठीतील उल्लेख पूर्वी ‘अपंगांची नेमबाजी’ असा होत असे. २०१६ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘दिव्यांगजन’ हा शब्द आल्यापासून शासकीय व्यवहारात तोच रूढ झाला. खेळाडूंच्या बोलण्यात मात्र ‘पॅरा नेमबाजी’ हे नाव अधिक आढळते.

लक्ष्य व शस्त्रे : या खेळात किती सूक्ष्म अचूकता लागते, याची कल्पना १० मी. अंतरावरील हवाई रायफलीच्या लक्ष्यावरून येते. या लक्ष्याचा एकूण व्यास ४५·५ मिमी., म्हणजे साधारण पुरीपेक्षाही लहान. त्यातील दहा गुणांचा मध्यबिंदू फक्त ०·५ मिमी. व्यासाचा असतो. छर्रा ४·५ मिमी. व्यासाचा असल्यामुळे त्याची कड या बिंदूला जेमतेम लागली तरी दहा गुण मिळतात. परंतु आधुनिक विद्युत् लक्ष्ययंत्रणा तेवढ्यावर थांबत नाही. ती दहाच्या वर्तुळाचेही दहा भाग पाडते आणि अगदी केंद्रस्थानी बसलेल्या छऱ्याला १०·९ गुण देते. गुणाचा प्रत्येक दशांश म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर अंतर. रायफलीच्या पुढच्या व मागच्या लक्ष्यदर्शकांत सु. ८५ सेंमी. अंतर असेल आणि नळीचे टोक केवळ १ मिमी. ढळले, तर छर्रा केंद्रापासून सु. १२ मिमी. दूर जाऊन सहाच्या वर्तुळात पडतो. मोठ्या स्पर्धेत असा एक नेम चुकणे म्हणजे अंतिम फेरीची आशा सोडणेच होय.

हवाई रायफलीचे वजन कमाल ५·५ किग्रॅ. असते. प्राथमिक फेरीत ६० नेम मारावयाचे असतात व दशांश पद्धतीने कमाल ६५४ गुण मिळू शकतात. हवाई पिस्तुलाचे लक्ष्य मोठे असून त्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११·५ मिमी. असतो. तथापि पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांबवून व कोठेही न टेकविता धरावे लागते. त्यामुळे लक्ष्य मोठे असूनही पिस्तुलाचे गुण रायफलीपेक्षा कमीच पडतात. याशिवाय २५ मी. व ५० मी. अंतरांवर ५·६ मिमी. व्यासाच्या गोळ्यांची शस्त्रे वापरली जातात. अंतिम फेरी आठ खेळाडूंची असते. तीत सुरुवातीच्या नेमांनंतर दर दोन नेमांनी सर्वांत कमी गुणांचा खेळाडू बाद होतो व अखेरचे दोघे २४ नेमांपर्यंत टिकतात.

इतिहास : दिव्यांगांच्या संघटित क्रीडास्पर्धांचा उगम दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या उपचारांत आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णांवर उपचार करणारे लुटव्हिख गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पहिली स्पर्धा लक्ष्यभेदाची असावी हे अर्थपूर्ण आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला धावणाऱ्याशी बरोबरी करता येत नाही. पण लक्ष्यासमोर तो कोणाहीपेक्षा लांब वा जवळ नसतो. त्या स्पर्धांतूनच १९६० साली रोम येथे भरलेल्या व पुढे पॅरालिंपिक म्हणून ओळखल्या गेलेल्या सामन्यांचा जन्म झाला. [→ ऑलिंपिक क्रीडासामने].

बंदुकीच्या नेमबाजीला या सामन्यांत प्रवेश मिळाला तो १९७६ च्या टोराँटो येथील सामन्यांत. अवयवच्छेद झालेल्या व दृष्टिहीन खेळाडूंनाही त्याच वर्षी प्रथम सहभागी करून घेण्यात आले; तोपर्यंत हे सामने मेरुरज्जूच्या विकारांपुरते मर्यादित होते. त्यानंतर नेमबाजी एकाही पॅरालिंपिकमधून वगळली गेलेली नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली व पुढे या खेळाचे जागतिक नियमन तिच्याकडे आले. स्वीडनचा यूनास याकोबसोन हा या खेळातील सर्वांत यशस्वी खेळाडू मानला जातो. १९८० पासूनच्या पॅरालिंपिक सामन्यांत त्याने १७ सुवर्णपदके मिळविली.

सर्वसामान्य ऑलिंपिकमध्येही याचे एक विलक्षण उदाहरण आहे. हंगेरीचा सैनिक कारोय टाकाच याचा उजवा, नेम धरण्याचा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पिस्तूल चालविण्याचा सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिक सामन्यांत शीघ्र पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा दिव्यांगांसाठी वेगळा वर्ग नव्हता व त्याने तो मागितलाही नाही. मात्र या उदाहरणावरून वर्गवारी अनावश्यक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. टाकाचचे पाय व धड धडधाकट होते. कमरेखाली संवेदना नसलेल्या खेळाडूचा प्रश्न सर्वस्वी निराळा आहे.

वर्गवारी : खेळाडूंचे दोन प्रमुख वर्ग आहेत. ‘एसएच १’ या वर्गात शस्त्राचा भार स्वतःच्या हातांवर पेलू शकणारे रायफल व पिस्तूल नेमबाज येतात. यांत पायांचे पक्षाघात वा अवयवच्छेद झालेले खेळाडू बहुसंख्य असतात. पिस्तुलाच्या बाबतीत ज्याचा एक हात निकामी, पण दुसरा सक्षम आहे, असाही खेळाडू या वर्गात बसतो. ‘एसएच २’ हा वर्ग फक्त रायफलीचा असून हातांच्या विकलतेमुळे रायफलीचा भार पेलू न शकणाऱ्यांसाठी तो आहे. त्यांना रायफलीचा पुढील भाग एका उभ्या आधारदांड्यावर टेकविण्याची मुभा असते. ही मुभा वरवर पाहता फार मोठी वाटते. म्हणून तो आधार ताठ नसून स्प्रिंगवर बसविलेला असतो. रायफल त्यावर तोलली जाते, पण रुतत नाही. ती चहूकडे हलू शकते आणि तिला स्थिर करण्याचे काम नेमबाजालाच करावे लागते. स्प्रिंगची ताकदही नियमाने ठरलेली असते. या वर्गातील खेळाडूस छर्रा भरून देण्यासाठी मदतनीस घेता येतो. मदतनिसाने नेमाविषयी मात्र अवाक्षर काढावयाचे नसते.

या दोन वर्गांतही धडाच्या स्नायूंवर खेळाडूचा कितपत ताबा आहे, हे पाहून उपवर्ग पाडले जातात. मेरुरज्जूला इजा जितकी वर, तितका धडाचा तोल कमी. ज्याचे पोटाचे व पाठीचे स्नायू काम देतात, त्यास पाठटेक मिळत नाही. ज्याचा तोल अंशतः गेला आहे, त्यास आखूड पाठटेक. आणि ज्यास टेकूवाचून बसताच येत नाही, त्यास उंच पाठटेक मिळते. पाठटेकेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. बाहेरच्या प्रेक्षकाला हे काटेकोरपण अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. परंतु वर सांगितलेला पाव मिलिमीटरचा हिशेब ध्यानात घेतला, म्हणजे पाठीमागे चार बोटे अधिक आधार मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे ते कळते.

पवित्र्यांची नावे सर्वसामान्य नेमबाजीतलीच ठेवली आहेत व त्यामुळे नवख्या वाचकाचा घोटाळा होतो. ‘उभ्याने’ या प्रकारात चाकांच्या खुर्चीतील नेमबाज अर्थातच बसलेला असतो. अट एवढीच, की त्याचे कोपर कोठेही टेकता कामा नये. ‘झोपून’ या प्रकारातही तो बसूनच नेम धरतो, पण दोन्ही कोपरे समोरच्या फळीवर टेकवितो. म्हणजे येथे पवित्र्याचे नाव शरीराच्या स्थितीवरून नव्हे, तर कोपरांना मिळणाऱ्या आधारावरून पडले आहे.

वर्ग ठरविण्याचे काम वैद्यकीय व तांत्रिक जाणकारांचे पथक स्पर्धेपूर्वी करते. स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, अवयवाची लांबी इत्यादींची तपासणी झाल्यावर खेळाडूस प्रत्यक्ष नेम धरावयास लावून पाहिले जाते. विकलता किमान मर्यादेपेक्षा कमी भरली, तर खेळाडू अपात्र ठरतो. आयुष्यभर लंगडत चाललेल्या माणसास ‘तुमची विकलता पुरेशी नाही’ असे ऐकावे लागणे हा या खेळातील कठोर प्रसंग होय. त्याचप्रमाणे मिळालेला वर्ग पुढील तपासणीत बदलू शकतो व वर्षानुवर्षे बसविलेली बैठक मोडून नव्याने बसवावी लागते. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. तरीही वैद्यकीय मोजमाप आणि क्रीडाकौशल्य यांची सरमिसळ संपूर्णपणे टाळणे अद्याप कोणासच साधलेले नाही. उत्तम सरावाने शरीर अधिक स्थिर करणाऱ्या खेळाडूची विकलता कमी दिसू लागते, ही त्यातील खरी अडचण आहे.

टोकिओ व पॅरिस येथील पॅरालिंपिक सामन्यांत नेमबाजीचे प्रत्येकी १३ प्रकार होते. पैकी तीन पुरुषांचे, तीन महिलांचे आणि उरलेले सात मिश्र, म्हणजे स्त्री-पुरुषांनी एकाच रांगेत, एकाच पदकासाठी खेळावयाचे होते. इतके मिश्र प्रकार फार थोड्या खेळांत आढळतात.

शरीर आणि सराव : नेमबाज श्वास अर्धवट सोडून काही सेकंद रोखतो आणि त्या अवधीत चाप ओढतो. मेरुरज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या खेळाडूच्या फासळ्यांमधील स्नायूंवर ताबा राहत नाही. त्याचे श्वसन मुख्यतः श्वासपटलाने होते. त्यामुळे रोखलेला श्वास लवकर अपुरा पडतो. पायांत अचानक येणारे स्नायूंचे झटके हा दुसरा त्रास. ते येण्याची वेळ सांगता येत नाही व एक झटका एका नेमाला पुरेसा असतो. तिसरी अडचण उष्णतेची. रायफल नेमबाजाचा जाड कापडाचा व चामड्याचा अंगरखा धडधाकट खेळाडूसही घामाघूम करतो. मेरुरज्जूच्या उंचावरील इजेत घाम येण्याची क्रियाच बिघडते, त्यामुळे शरीराचे तापमान चढत जाते. महाराष्ट्रातील एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली सराव करणाऱ्यांना याची झळ विशेष लागते. संवेदना नसलेल्या भागावर तासन्‌तास बसल्याने होणारे व्रण हा तर स्पर्धेबाहेरचा, पण हंगामच्या हंगाम वाया घालविणारा धोका आहे. खेळाडूने दोन सत्रांच्या दरम्यान हातांवर भार देऊन शरीर उचलावयाचे असते. त्याने हात थकतात आणि तेच हात पुढे शस्त्र धरतात.

औषधांचाही प्रश्न असतो. हृदयाचे ठोके मंदावणारी, रक्तदाबावर दिली जाणारी एका गटातील औषधे (बीटा-रोधके) नेमबाजीत सर्वकाळ निषिद्ध आहेत, कारण त्यांनी हाताचा कंप कमी होतो. अनेक व्याधी असलेल्या खेळाडूने आपल्या वैद्यास हे आधीच सांगून ठेवणे अगत्याचे ठरते.

दुसऱ्या बाजूस, बसलेल्या नेमबाजाला काही सोयी आहेत हेही नमूद केले पाहिजे. उभ्या माणसाच्या घोट्यांत व गुडघ्यांत जे सततचे बारीक डोलणे असते, ते खुर्चीत नसते. म्हणून दोन्ही खेळांतील गुणांची तुलना जपूनच करावी. तरी ती उद्‌बोधक आहे. २०२१ मध्ये टोकिओ ऑलिंपिकच्या महिलांच्या १० मी. हवाई रायफल अंतिम फेरीत चीनच्या यांग चिएनने २५१·८ गुणांनी सुवर्णपदक जिंकले. महिन्याभराने पॅरालिंपिकमध्ये अवनी लेखराने २४९·६ गुण मिळविले. चोवीस नेमांत २·२ गुणांचे अंतर, म्हणजे दर नेमामागे गुणाच्या एका दशांशाहूनही कमी.

नेमबाजीतील उरलेला अर्धा भाग मनाचा असतो. त्याच्या पद्धतशीर अभ्यासासाठी महाराष्ट्रात नाशिक शहराचे नाव घ्यावे लागते. भारतीय पोलीस सेवेतील निवृत्त अधिकारी व क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम (मृत्यू २०१७) यांनी नाशिक येथे राहून देशातील अनेक नामवंत खेळाडूंना मार्गदर्शन केले; त्यांत अंजली भागवत व सुमा शिरूर या नेमबाजांचा समावेश होतो. प्राणायाम, धारणा इ. योगशास्त्रातील प्रक्रियांची आधुनिक क्रीडामानसशास्त्राशी सांगड घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. विनिंग हॅबिट्स हे त्यांचे इंग्रजी पुस्तक या विषयावरील आहे. दिव्यांग नेमबाजाच्या दृष्टीने या विचारसरणीला विशेष महत्त्व आहे. अपघातानंतर स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी परकेपणाची भावना, आणि स्नायूंकडून पूर्वीसारखी खबर न मिळणे, यांमुळे त्यास श्वास, नाडीचे ठोके व बोटाच्या टोकाचा स्पर्श एवढ्याच खुणांवर चित्त एकाग्र करावे लागते. धडधाकट नेमबाज जे सवयीने करतो, ते त्याला जाणीवपूर्वक शिकावे लागते.

नाशिकमध्ये प्रत्यक्ष नेमबाजीचीही परंपरा आहे. देवळाली येथील तोफखाना दलाचे केंद्र, महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि १९३७ साली स्थापन झालेले भोसला सैनिकी विद्यालय यांमुळे शस्त्र व शिस्त या शहराला अपरिचित नाहीत. राष्ट्रीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षकवर्गातील मोनाली गोऱ्हे (मृत्यू २०२१) या नाशिकच्याच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन पवित्रे या प्रकारात कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीचे सुरुवातीचे शिक्षण राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीतून नाशिकमध्येच घेतले. हे सर्व कार्य सर्वसामान्य नेमबाजीतील असले, तरी लक्ष्य, शस्त्र व प्रशिक्षक समान असल्यामुळे त्याचा लाभ दिव्यांग खेळाडूसही होऊ शकतो. धावपटूला किंवा जलतरणपटूला आपल्या वर्गाचा जाणकार प्रशिक्षक शोधावा लागतो. नेमबाजाला तो शेजारच्या केंद्रावर भेटण्याची शक्यता अधिक असते.

याचे उत्तम उदाहरण सुमा शिरूर यांचे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या या नेमबाजाने पनवेल येथे ‘लक्ष्य’ ही प्रशिक्षणसंस्था काढली. राजस्थानच्या अवनी लेखराच्या त्या प्रशिक्षक होत. या कामगिरीबद्दल त्यांना २०२२ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार दिव्यांग नेमबाजीच्या विभागात मिळाला. स्वतः उभ्याने नेम धरलेल्या प्रशिक्षकाने बसलेल्या विद्यार्थिनीसाठी खुर्ची, फळी व बैठक यांचा मुळापासून विचार करणे, यात प्रशिक्षकाच्या कौशल्याची कसोटी लागते.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रगती : भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सैनिकाने १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथे ५० मी. मुक्त जलतरणात ते जिंकले. जखमी जवानांच्या पुनर्वसनासाठी १९१७ साली स्थापन झालेली, पुण्याजवळील खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि १९७४ मध्ये सुरू झालेले पक्षाघात पुनर्वसन केंद्र यांमुळे महाराष्ट्रात या क्षेत्राची पायाभरणी लवकर झाली. तरी पॅरालिंपिकमधील नेमबाजीच्या पदकासाठी भारतास २०२१ पर्यंत थांबावे लागले.

टोकिओ येथे ३० ऑगस्ट २०२१ रोजी अवनी लेखराने उभ्याने हवाई रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पुढे तीन पवित्र्यांच्या प्रकारात तिने कांस्यपदकही जिंकले. मनीष नरवालने ५० मी. पिस्तुलात २१८·२ गुणांनी सुवर्ण, सिंहराज अधानाने त्याच प्रकारात रौप्य व हवाई पिस्तुलात कांस्य पटकाविले. भारताच्या एकूण १९ पदकांपैकी ५ नेमबाजीतील होती. २०२४ मध्ये पॅरिसच्या सामन्यांतील नेमबाजी शातोरू येथे झाली. तेथे अवनीने २४९·७ गुणांसह आपले सुवर्णपदक राखले आणि पॅरालिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मनीषला रौप्य, मोना अगरवाल व रुबिना फ्रान्सिस यांना कांस्यपदके मिळाली.

टोकिओत अवनीच्या सुवर्णपदकाच्याच दिवशी कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर पुरुषांच्या उभ्याने हवाई रायफल प्रकाराच्या अंतिम फेरीत खेळत होता. २० नेमांनंतर २०३·९ गुणांवर तो बाद झाला व चौथा आला. दर नेमामागे त्याची सरासरी १०·२ च्या आसपास पडते. म्हणजे त्याचे छर्रे सरासरीने केंद्रापासून २ मिमी.च्या आत बसत होते. पदकांच्या यादीत हे नाव नाही. पण तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाजांची परंपरा असलेल्या कोल्हापुरातून एक दिव्यांग खेळाडू जगातील पहिल्या चौघांत पोहोचला, ही घटना मराठी वाचकाच्या दृष्टीने पदकाहून कमी नाही. २०२४ च्या पॅरिस सामन्यांतही त्याने भाग घेतला.

खेळाडूंच्या विकलतेच्या स्वरूपातही बदल होत आहे. सिंहराज अधाना व मोना अगरवाल हे दोघेही लहानपणी पोलिओग्रस्त झालेले. लसीकरणामुळे २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यामुळे पोलिओमुळे पाय गेलेल्यांची पिढी येत्या काळात या खेळातून हळूहळू निवृत्त होईल आणि तिची जागा मुख्यतः अवनीप्रमाणे रस्त्यावरील अपघातांत मेरुरज्जूला इजा झालेले खेळाडू घेतील असे दिसते. पोलिओत स्नायू दुबळे होतात, पण संवेदना शाबूत राहते. मेरुरज्जूच्या इजेत दोन्ही जातात. प्रशिक्षण, खुर्चीची रचना व वैद्यकीय देखरेख या सर्वांत त्यानुसार फरक करावा लागेल. याची जाणीव अजून पुरेशी झालेली नाही.

अडचणी : भारतात बहुतेक दिव्यांग नेमबाज १० मी. प्रकारांकडे वळतात, याचे एक कारण कायद्यात आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या व ४·५ मिमी. व्यासापर्यंतच्या हवाई शस्त्रास परवाना लागत नाही, ५·६ मिमी. गोळीच्या शस्त्रास तो लागतो. परवाना, दारूगोळा व ५० मी. लांबीचे सुरक्षित मैदान यांची जुळवाजुळव करणे कोणासही कठीण. बाहेर पडण्यासाठी दुसऱ्यावर विसंबून असणाऱ्यास ते अधिकच कठीण जाते. स्पर्धेच्या दर्जाच्या रायफली व पिस्तुले प्रामुख्याने परदेशातून येतात व महाग असतात. त्यात खास खुर्ची, फळी व आधारदांडा यांची भर पडते.

मात्र सर्वांत मोठा अडसर पुष्कळदा अगदी क्षुल्लक वस्तूचा असतो. नेमबाजी केंद्राच्या दाराशी असलेल्या दोन पायऱ्या, खुर्ची आत न जाणारे अरुंद स्वच्छतागृह, उभ्या माणसाच्या उंचीचे व न सरकणारे मेज, एवढ्यावरून होतकरू खेळाडू परत फिरतो. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ३० नुसार क्रीडासुविधांची रचना त्यांना वापरता येईल अशी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. उतार व रुंद दार यांचा खर्च एका आयात रायफलीच्या तुलनेत फार नसतो. नवी केंद्रे बांधताना ही काळजी घेतली जाऊ लागली आहे. जुनी केंद्रे, विशेषतः शाळांच्या व संस्थांच्या इमारतींत वरच्या मजल्यावर थाटलेली १० मी.ची दालने, मात्र तशीच आहेत.

दृष्टिहीन व बधिर खेळाडू : दृष्टिहीनांच्या नेमबाजीत लक्ष्यदर्शकाऐवजी ध्वनीचा उपयोग करतात. रायफलीवरील यंत्र लक्ष्याचा वेध घेऊन कानातील श्रवणयंत्रात स्वर उमटविते. नळी केंद्राच्या जवळ येईल तसा स्वर चढत जातो आणि नेमबाज त्या स्वरावरून चाप ओढतो. टोकिओ व पॅरिसच्या पॅरालिंपिक कार्यक्रमात हा प्रकार नव्हता. बधिर खेळाडूंचा पॅरालिंपिकमध्ये समावेश होत नाही. त्यांचे जागतिक सामने स्वतंत्र असून १९२४ मध्ये पॅरिस येथे झालेल्या पहिल्या सामन्यांपासून त्यांत नेमबाजी आहे. शस्त्र, पवित्रा व नियम यांत येथे काहीच बदल करावा लागत नाही. फक्त पंचांच्या तोंडी आज्ञांच्या जागी प्रकाशाच्या व हाताच्या खुणा येतात आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. ब्राझीलमधील काशियास दो सुल येथे २०२२ मध्ये भरलेल्या या सामन्यांत महाराष्ट्राच्या प्रियेशा देशमुखने धनुष श्रीकांत याच्या साथीने १० मी. हवाई रायफलीच्या मिश्र सांघिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले.